भागिरथीच्या गाठीतला पाटकरी

मुंबई, ११ ऑगस्ट १९९६

प्रिय अक्का,
तुला आणि दाजींना जय भीम.

मी बरी आहे. टाके काढले, जेवण जातं. माझी दीपा शाळेत जाते ना? तिच्या वेण्या तूच घालतेस का?

छातीतून काढलेल्या गाठीचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहींच्या गाठीत एक प्रोटीन असतं. अंगातलं हार्मोन त्याला चिकटलं की ते पेशीतली जीन्स चालू करतं आणि गाठ वाढते. म्हणजे आपल्या मुळेच्या पाटाचं दार उघडणारा पाटकरीच. गोळी घेतली की त्याला दार उघडता येत नाही.

शेजारच्या खाटेवरच्या भागिरथीच्या गाठीत तो निघाला. ती गोळ्या घेऊन कोल्हारला चालली. माझ्या गाठीत पाटकरीच नाही, पाणी आपलं आपण वाहतंय, म्हणून गोळीचा उपयोग नाही. मला सहा महिने सुया, केस सगळे जाणार. काल ती माझ्यासमोर केस विंचरत बसली. लई राग आला.

राहुरीला उतरून हे पत्र तीच तुला देईल. तिला वाचता येत नाही, म्हणून मोकळं लिहिलं. बाई चांगली आहे. मला उठवत नव्हतं तेव्हा तीच पाणी पाजायची. तिला जेवू घाल.

फक्त दीपाची वेणी तिला घालू देऊ नकोस.

तुझी धाकटी,
जयमाला