‘दोष’ या मथळ्याखालचं वाक्य

धाड,
दि. २१ फेब्रुवारी २०१८

प्रिय मलिहा,

अनेक आशीर्वाद. शेगावला तू बरी असशील. अजीजुन्निसा फुफींचे गुडघे कसे आहेत? त्यांना माझा सलाम सांग. इकडे ऊन आत्तापासूनच चटकायला लागलंय. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची हॉल तिकिटं आली. तुझंही आलं आहे. कॉलेजातल्या माझ्या कपाटात ठेवलं आहे.

आरोही आता माझ्याशी बोलते. मधले पाच आठवडे भाची असून ‘आत्या, जेवायला या’ यापलीकडे तिने शब्द काढला नव्हता.

तुला हसू येईल, पण मी ‘शिराहा’ खेळले. तुम्ही दोघी आरोहीच्या खोलीत बसून खेळायचात तोच जपानी गेम, अगदी शेवटपर्यंत. आरोहीने लॅपटॉप माझ्यापुढे आदळला आणि म्हणाली, “आधी खेळा, मग बोला.” पहिले दोन दिवस मला गावाबाहेर पडता येईना. फिरून फिरून एकाच बाईच्या स्वयंपाकघरात शिरत होते. आरोही म्हणाली, “आत्या, ती बाई आता तुम्हाला भाकर वाढणार.”

आता मी तुझ्याशी त्या गेमबद्दलच बोलते. वर्गात मी तुम्हाला शिकवलं होतं की कोणत्याही कलाकृतीवर लिहायचं तर ‘गुण’ आणि ‘दोष’ असे दोन मथळे करा आणि दोन्हीकडे प्रामाणिक राहा. तसंच लिहिते.

गुण असे की तो घाई करत नाही. राजकन्येला राज्य परत मिळवायचं आहे, पण वाटेत प्रत्येक गावात थांबावं लागतं, कुंभाराशी, नावाड्याशी, म्हातारीशी बोलावं लागतं. आणि माणसाला एकदा विचारलं तर तो रीतीचं उत्तर देतो, दुसऱ्यांदा विचारलं तर खरं सांगतो. नावाडी आधी म्हणतो, ‘तळं शांत आहे.’ पुन्हा विचारलं की म्हणतो, ‘माझी मुलगी याच तळ्यात गेली.’ मी तिथे बराच वेळ बसून राहिले. संगीतही फार चांगलं. तळ्याकाठची ती बासरी मी भाजी निवडताना गुणगुणते, आरोही चिडते.

दोषही पुष्कळ. दर वीस पावलांवर तीच लढाई. शेत आहे, पण बी टाकलं की तिसऱ्या दिवशी पीक, ना अळी, ना पाण्याची ओढ. ज्याने कुणी ते शेत रचलं त्याला यंदा धाडच्या शिवारात आणून उभं करायला हवं होतं. आणि तो दुष्ट सेनापती! तलवार उपसण्याआधी चार मिनिटं भाषण करतो. आरोही म्हणाली, “अगदी तुमच्यासारखा आहे, आत्या. फरक एवढाच, तो बटण दाबलं की थांबतो.”

शेताचा दोष तूही वार्षिकांकासाठीच्या तुझ्या लेखात लिहिला होतास. सर्वांत मोठा दोषही तूच पकडलास. लढाईत पडलेला सोबती पांढऱ्या पिसाने उठून उभा राहतो, आणि ती पिसं प्रत्येक दुकानात मिळतात. मग कथेत राजकन्येची सोबतीण यूना मरते तेव्हा आपल्या पिशवीत अशी वीस पिसं असतात, पण कुणी एकही काढत नाही आणि कुणी का म्हणून विचारतही नाही. तू लिहिलंस: ‘इथे मेलेला माणूस पीसाने उठतो म्हणून मेल्याचं फार काही वाटत नाही. ज्या गेमने मरण इतकं स्वस्त केलं त्याने नंतर आपल्याला रडायला सांगू नये.’ मी खेळून पाहिलं. यूना गेली तेव्हा मला रडू आलं नाही. तुझं बरोबर होतं.

आता त्या सभेबद्दल लिहायलाच हवं. डिसेंबरातला बाजाराचा दिवस होता. बीटी कापसाच्या बियाण्याच्या पाकिटावर काय लिहिलं होतं आणि बोंडात कशी अळीच निघाली हे सांगायला मी उभी होते. पुढे वच्छलाबाई बसली होती. तिच्या नवऱ्याने जीव दिल्याला महिनाही झाला नव्हता. लोक पेटले होते, मीही पेटले होते. आणि मी म्हणाले, “इकडे आपल्या घरांतून तिरड्या उठतायत आणि माझीच विद्यार्थिनी, गनीभाई गादीवाल्यांची मुलगी, कॉलेजच्या वार्षिकांकासाठी काय लिहिते? ‘मेल्याचं फार काही वाटत नाही!’”

टाळ्या पडल्या. मग वच्छलाबाई उठली आणि मागे उभ्या असलेल्या तुझ्या अब्बांना म्हणाली, “गनीभाई, माह्या मालकाच्या गाद्या तुमीच भरल्या ना? तुमच्या पोरीले आमचं काहीच वाटत नाई काय?” दुसऱ्या दिवशी तुझं कॉलेज बंद झालं आणि तू फुफींकडे गेलीस.

मी स्वतःला समजावत राहिले की तुझा लेख मी घाईत चाळला होता, नजर त्या एका वाक्यावर पडली आणि तेच तोंडात आलं.

गेल्या आठवड्यात तुमच्या दुकानी गेले. अब्बा पिंजलेल्या कापसात बसले होते. मी म्हटलं, “गनीभाई, माझी चूक झाली. मुलीला परीक्षेला बसू द्या.” त्यांनी मला बसायला नवी गादी दिली, चहा मागवला. मग म्हणाले, “मॅडम, बदनामी लाऊडस्पीकरवर अन् माफी गादीवर बसून? हे काऊन? पोरगी वापस येईन तं लोकं तिले तेच इचारतीन. तिनं कोनाकोनाले सांगाव?” मी म्हटलं, कॉलेजात सूचना लावते. ते हसले. “बाजारात कोन वाचते सूचना?” चहा तसाच राहिला.

तेव्हापासून हे पत्र रोज लिहायला घेते आणि गेमपाशीच अडकते.

वर ‘घाईत चाळला होता’ लिहिलं आहे ते खरं नाही. खोडत नाही, तसंच राहू दे. तुझी दोन पानं आत्ता माझ्यासमोर आहेत. ‘पीसाने’ या शब्दातली दीर्घ वेलांटी मी लाल शाईने ऱ्हस्व केली आहे. त्याच वाक्यात, सभेच्या दोन दिवस आधी. समासात ‘उत्तम निरीक्षण’ असंही लिहिलं आहे. मी लेख दोनदा वाचला होता. ते वाक्य ‘दोष’ या मथळ्याखाली आहे, ते गेमबद्दल आहे, हे सगळं मला व्यासपीठावर उभी असताना ठाऊक होतं. सभेला एक अपराधी हवा होता. ज्यांनी बियाणं विकलं ते तिथे नव्हते. तू हाताशी होतीस. मी मथळा गाळला, अर्धं वाक्य गाळलं, आणि उरलेलं इतक्या सुंदर आवाजात म्हटलं की टाळ्या पडणार हे मला आधीच कळलं होतं. अनवधानाने नाही, बेटा. तीस वर्षांच्या सरावाने केलं.

काल वच्छलाबाईकडे गेले आणि हे सगळं तिला सांगितलं. ती तुरी पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, “म्हंजे पोरीनं तं मरन सस्तं करू नका असंच लिवलं होतं?” मी हो म्हटलं. “अन् तुमाले ठाऊक होतं?” पुन्हा हो म्हटलं. तिने सूप पुन्हा उचललं. मग म्हणाली, “मॅडम, माह्या मालकाच्या नावानं टाळ्या घेतल्या तुमी.” निघताना तिने विचारलं, “सांगनार कवा?” मी म्हटलं, येत्या बाजाराला, त्याच जागी. ती म्हणाली, “मी येतो. गनीभाईले मी बोलली, माहं मीच वापस घेईन.”

तर येत्या बाजाराला मी उभी राहणार आहे. भाषण करणार नाही. तुझी दोन्ही पानं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मथळ्यांसकट वाचीन. मग मी काय केलं ते सांगेन, वेलांटीसकट. लोक काय म्हणतील ते म्हणोत. सभांना पुन्हा बोलावणार नाहीत, हे मी धरून चालले आहे.

तुला एकच विचारायचं आहे. तुझं नाव घेऊ का? मागे न विचारता घेतलं होतं. उत्तर आलं नाही तर घेणार नाही, ‘एका विद्यार्थिनीचा लेख’ एवढंच म्हणेन. माझं नाव मात्र पूर्ण सांगेन. हॉल तिकीट आरोहीबरोबर शेगावला पाठवते. परीक्षा दे किंवा देऊ नकोस, ते तुझ्याजवळ असायला हवं, माझ्या कपाटात नाही. मला माफ कर असं लिहीत नाही. माफी मागायची कुठे, हे तुझ्या अब्बांनी सांगितलं आहे.

तुझी अपराधी,
शकुंतला