पेशी वाढून राहिली

अमरावती, २ डिसेंबर २०२४

चि. गजेंद्रास अ. आ.

फोनवर मी आता बोलणार नाही. जे सांगायचं ते कागदावर लिहून, खाली सही करून दे.

तुझा रक्ताचा कॅन्सर जावा म्हणून सप्टेंबरात नागपूरला पाच तास मशीनजवळ पडून राहिलो. माझ्या रक्तातलं बियाणं काढून तुझ्या अंगात सोडलं. तेव्हापासून तू तोंड दाखवलं नाहीस. शेंदूरजनाघाटच्या बागेतली संत्री पाठवली, तर आपल्या गड्याने, मोतीरामने, पेटी जशीच्या तशी परत आणली. परवा तुझ्या बायकोला, रागिणीला विचारलं, काहून येऊ नको? तर म्हणे, पेशी वाढून राहिली, वीसची तारीख दिली हाय, तवर येऊ नका.

मी काय आज जन्मलो? पेशी म्हणजे कोर्टाची तारीख, एवढं मला कळतं. सातबारावर दोघांची नावं आहेत. वाटणीसाठी कोर्टात गेलास आणि मला साधी नोटीसही नाही! रविवारी सकाळच्या एस.टी.ने येतो.

अजून तरी तुझाच,
गोवर्धन

अकोला, ५ डिसेंबर २०२४

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून रागिणी आधी हसली, मग रडली. मला मात्र रागच आला. पेशी कोर्टाची नाही दादा, रक्तातली आहे. टी पेशी म्हणतात. अंगात घरचा कोण, बाहेरचा कोण, हे त्या ओळखतात. माझ्या जुन्या पेशी औषधाने मेल्या. नव्या तुमच्या बियाण्यातून येत आहेत, पण फार हळू. त्यातल्या मुख्य पेशी दोनशेच्या वर हव्यात, माझ्या एकशे चाळीस आहेत. वीसला पुन्हा तपासणी आहे. लहानपणच्या लसींचा जोरही गेला, त्यामुळे साध्या कांजण्याही जिवावर बेततील.

तुमच्या पेशींना सुरुवातीला माझाच संशय आला. माझी कातडी परकी समजून अंगभर पुरळ उठवलं. शेवटी तुमच्याच ना!

संत्री परत केली ती पेटीतल्या गवतामुळे, त्यातली बुरशी मला चालत नाही. बाग हवी असती तर तुम्हाला मागितली असती. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र मोतीरामच्या हाती देतो. रविवारी येऊ नका, पाया पडतो. रागावलात तरी माया कमी करू नये.

आपला,
गजेंद्र

अमरावती, ८ डिसेंबर २०२४

चि. गजेंद्रास अ. आ.

तुझं पत्र आज सकाळी बसस्थानकावर मिळालं. गाडी लागली होती. खरं सांगतो, वाचतानाही वाटलं की हे वकिलाने शिकवलं असेल. कांजण्यांच्या शब्दाशी मात्र अडकलो. चार दिवसांपासून माझ्या कमरेला आग होऊन फोड आले आहेत. फवारणीचं औषध लागलं असेल म्हणून खोबरेल लावत होतो. गाडीत न चढता डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, नागीण आहे, कांजण्यांचाच विषाणू. हे फोड घेऊन कुठे निघाला होता, असं त्यांनी विचारलं. मी तुझं पत्रच त्यांच्यापुढे ठेवलं.

फार लाज वाटते, गजा. भांडायला निघालो होतो, पण तुला पाहिल्यावर आधी गळ्यातच पडलो असतो.

फोड वाळले तरी तू म्हणशील तोवर येत नाही. आणि माझा भरवसा नाही, मी आलोच तर दार उघडू नकोस.

जीव तुझ्यातच आहे, पण माया आता लांबूनच घे.

तुझा दादा