बोडी दोन्हीकडे सुरू झाली

सिहोरा,
गुरुवार, २५ सप्टेंबर २०२५

प्रिय भुपेंद्र,

नमस्कार. घरी सगळे बरे आहेत. धान निसवलं आहे आणि बाबा रोज सकाळी बांधीवरून खूश होऊन येतात. हैदराबादला तुझं कसं चाललंय, जेवण नीट मिळतं का, हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. खरं तर तुमच्या वरठीच्या स्टेशनवर तुझी आई भेटली होती, तिनं सगळं सांगितलंय. रविवारी आमच्याकडे पाहुणे आले होते, पण ते नंतर.

कागदावर लिहितेय म्हणून हसू नकोस. ईमेलवर आपण नुसते भांडतो. दोन वर्षांपूर्वीचा शेवटचा ईमेल तुझाच आहे: 'मग सांभाळ तुझे जुने डबे.' त्याच डब्यांची बातमी आहे.

कॉलेजात असताना आपण आंबागडच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर 'बोडी' बसवली होती. स्वतः लिहिलेली ऑपरेटिंग सिस्टीम म्हणून केवढे मिरवलो होतो आपण. आणि तिला गावातल्या लहान तळ्याचं नाव दिलं म्हणून सर किती हसले होते. ते कॉम्प्युटर अजून चालतात. वाचनालय सांभाळणारे मधुकरराव गुरुजी स्वतः पुसतात ते. या उन्हाळ्यात वाचनालयाला कुणीतरी नवे कॉम्प्युटर भेट दिले आणि गुरुजींचा फोन आला, "बेटा, याच्यावरबी आपलीच बोडी पाहिजे. लोकायले तिचीच सवय आहे."

नव्यांवर ती सुरूच होईना.

पुढचं तुला सांगायची गरज नाही, पण आईला समजावलं तसंच लिहिते. मशीन चालू केलं की आधी लोडर नावाचा छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो कर्नलला, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याला, एक चिठ्ठी देतो: मेमरी इतकी आहे, स्क्रीन अमुक पत्त्यावर आहे. आपल्या चिठ्ठीत स्क्रीनच्या पत्त्याला जागा लहान ठेवलेली, आणि नव्या मशीनचा लांबलचक पत्ता तिच्यात मावेना. मी लोडर आणि कर्नल दोन्हींत ती जागा मोठी केली. नवे कॉम्प्युटर लगेच सुरू झाले. गुरुजींनी पेढे मागवले.

मग ज्या पेनड्राइव्हवरून नवे सुरू केले, तोच जुन्यांना लावला. त्यांच्या मेमरीत नवा कर्नल बसत नाही, म्हणून त्यांचा कर्नल जुना. पण लोडर मात्र सगळ्यांना एकच. स्क्रीन काळी. कौशल्याबाई तिथे लग्नातली गाणी टाइप करून ठेवतात, त्या मागेच उभ्या होत्या.

"काहून वं पोरी, माह्या गान्याइले काय केलं?"

"गाणी आहेत मावशी, डिस्कवर आहेत."

"मंग दिसत काहून नाही?"

एक जागा मोठी केली तशी पुढची प्रत्येक ओळ सरकली होती. जुना कर्नल नेहमीच्या ठिकाणी वाचायला गेला आणि त्याला भलतंच मिळालं. जुना लोडर परत घालून मावशींची गाणी दाखवली आणि पेढा न खाता घरी आले. तुझं म्हणणं तेव्हा फार पटलं होतं. जुनं फेकून द्यावं, नवी चिठ्ठी लिहावी, मोकळं व्हावं. पण मावशींना तोंड कसं दाखवणार?

म्हणून आपल्या पहिल्या आवृत्तीचा कोड उघडला. चिठ्ठीचा भाग तू लिहिलेला. अगदी शेवटी थोडी रिकामी जागा होती आणि शेजारी तुझी टीप: 'राखीव. सध्या शून्य भरा. पुढे लागेल.' जुनं फेक म्हणणाऱ्या माणसानं हे लिहून ठेवलं होतं. मी एकटीच हसत बसले. आई डोकावून गेली.

पुढचं सोपं होतं. जुन्या ओळींना हात लावला नाही. नवी माहिती वेगळ्या कागदावर, आणि तो कागद कुठे आहे एवढंच तुझ्या राखीव जागेत. जुना कर्नल तिकडे बघतच नाही. नवा बघतो, तिथे शून्य दिसलं तर लोडर जुना आहे हे ओळखून जुन्या रीतीनं चालतो.

सोमवारी आंबागडला गेले. घरी थांबायचं नव्हतं म्हणूनही गेले. जुने सुरू झाले, नवेही झाले. कौशल्याबाईंनी स्क्रीनवर बघून हळदीचं गाणं म्हटलं, आणि या वेळी पेढा मी खाल्ला.

आता पाहुण्यांचं. तुमसरचे होते. मुलगा चांगला आहे, बँकेत आहे, मोकळेपणानं बोलला. ते गेल्यावर बाबांनी विचारलं, "तुले पोरगा पसंत नाही का?"

"चांगला आहे, बाबा. माझं मन नाही."

"मंग कोनावर आहे?"

आई चहाच्या कपबशा उचलत म्हणाली, "वरठीच्यावर."

"तो तर भांडून गेला ना?"

"अन् हे पोरगी त्याचंच लिहेलं वाचून हसून राहिली."

बाबा म्हणाले, "त्याले विचारून घे. पाहुण्याइले खोटं नाही सांगू आपन."

तर विचारतेय. तुझ्या मनात तसं नसेल तर तसं सांग, मी रडत बसणार नाही, थोडी बसेन. पाहुण्यांना मात्र मी नकार कळवलाय, तुझं उत्तर काहीही येवो.

बोडीचा बदल अजून सगळ्यांसाठी सोडलेला नाही. चिठ्ठी तुझी आहे, आधी तू वाच. दिवाळीला वरठीला येणार आहेस असं तुझी आई म्हणाली. तिथून सिहोऱ्याला ये. बाबा घरीच असतील, आणि ते तुला वाटतात तेवढे कडक नाहीत.

एवढी वर्षं तुला लिहिताना मी खाली नुसतं 'टी' लिहीत आले. आज पूर्ण लिहिते.

तुझी,
तृप्ती