घरपोच पाणि

ता. ४
ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुमच्या तिसऱ्या मजल्यावरचा नळ अठरा दिवस कोरडा आहे आणि तू दुखऱ्या गुडघ्याने खालच्या हौदावरून कळश्या वर नेतेस, हे वाचून माझा ब्रश हलला. दुकानाचा बोर्ड रंगवत होतो, त्यातलं 'केशकर्तनालय' तिरकं झालं. पुसून परत काढलं.

पाणी ही सोय आहे, हक्क नाही, असं नगरपालिकेच्या कारकुनाने तुला सुनावलं म्हणतेस. पण त्यांच्याच भिंतीवरची सनद तू उतरवून पाठवली आहेस: 'प्रत्येक नागरिकास घरपोच पाणि मिळेल. तो त्याचा हक्क आहे.' मावशी, 'पाणि' तू चुकवलंस की मूळ तसंच आहे? ऱ्हस्व पाणि म्हणजे हात, पाणिग्रहणातला. चुकीच्या शब्दावर अर्ज उभा केला तर कोसळेल. म्हणून अर्जात आधी ती चूक दाखवली आहे, मग पाणी मागितलं आहे. सोबत जोडतो, सही करून दे. शाळा आठवीत सुटली, पण ऱ्हस्वदीर्घ सुटलं नाही.

काकांना नमस्कार. आहे तो लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा वेलांटी

ता. ११
चि. वेलांटीस अ. उ. आ.

मूळ तसंच आहे. अर्ज दिला, आणि तू माझी पुरती वाट लावलीस. साहेबांनी तो दोनदा वाचला, शब्दकोश मागवला आणि लेखी उत्तर दिलं. चूक दाखवल्याबद्दल आभार. सनदेत हाताचाच उल्लेख असल्याने पाण्यावर हक्क सांगता येत नाही. हात हवा असल्यास तसं कळवावं. कारकून हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होता.

तुझे काका म्हणाले, या वयात हिला हात द्यायला कोण येतोय ते बघू तरी. इस्त्रीचा सदरा घालून दाराशी बसले आहेत. मला हसूही येतं आणि गुडघाही ठणकतो. तुला कोणी सांगितलं होतं रे शहाणपण करायला?

वेळेवर जेवत जा. रागावले असले तरी तुझीच,
मावशी

ता. १५
ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

तीन दिवस घास उतरला नाही. सनद नऊ वेळा वाचली. त्यात 'घरपोच' आहे, आणि तो शब्द बिनचूक आहे. तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे हात तिसऱ्या मजल्यापर्यंत आला पाहिजे. तो रिकामा यावा असं कुठेही लिहिलेलं नाही.

तेव्हा हात हवा आहे असं कळव. रोज सकाळी सात वाजता, हौदापाशी, कळशीजवळ. 'प्रत्येक नागरिकास' म्हटलं आहे, म्हणून तुमच्या इमारतीतल्या बाराही बिऱ्हाडांना वेगवेगळे अर्ज द्यायला लाव. पोच घ्यायला विसरू नका. हेही अंगाशी आलं तर मला तोंड दाखवायला जागा नाही.

माया असू दे, निदान थोडी.
तुझा वेलांटी

ता. २७
चि. वेलांटीस अ. उ. आ.

पहिल्या दिवशी कळश्या वाहायला शिपाई आला. दुसऱ्या दिवशी त्याची पाठ धरली, म्हणून कारकून आला. तो पहिल्याच मजल्यावर हसायचा थांबला. तिसऱ्या दिवशी त्यानेही रजा टाकली. बारा अर्जांवर पोच दिलेली, सनदेखाली सही साहेबांची, मग स्वतः साहेब आले. चौथी कळशी ठेवली आणि आमच्या उंबऱ्यावर बसकण मारली. तोंड लालबुंद. प्यायला पाणी मिळेल का, असं विचारू लागले.

मी अदबीने विचारलं, साहेब सोय म्हणून मागताहेत की हक्क म्हणून.  ते हळूच म्हणाले, हक्क म्हणून. काकांनी लगेच कागद पुढे केला. साहेबांनी 'घरपोच पाणी हा हक्क आहे' असं लिहून दिलं, दीर्घ पाणी. मग त्यांना दोन पेले दिले. तहानलेल्या माणसाला आणखी काय ताटकळत ठेवायचं?

दुसऱ्या दिवशी रस्ता खणला, नवा पाइप टाकला. कालपासून नळाला धार आहे. मी चार दिवस जिना उतरणार नाही म्हणून जाहीर केलंय. काका मात्र दर दहा मिनिटांनी उठून नळ सोडून बघतात. का म्हणून विचारलं, तर म्हणतात, हक्क आहे ना अजून, ते बघतोय.

सवडीने ये, आंघोळीला भरपूर पाणी देते.
तुझी मावशी