उन्हाळ्यात सोडलेली हवा

लातूर,
२२ डिसेंबर २०२४

ति. महामायाताईस,
धाकट्या दीपूचा सप्रेम जयभीम.

वि. वि. फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि बाकीचं तू मनानंच जोडतेस, म्हणून पत्र. आई, सुकन्या, चि. पुनम सगळे ठीक. दिवाळीत घेतलेली जुनी गाडी चांगली निघाली. मुरुडच्या कॉलेजला आता तिनंच जातो.

इथं थंडी लई पडली. परवा स्टिअरिंग जड लागलं म्हणून पंक्चरवाल्याकडं नेली, तर चारी चाकांत हवा कमी. थंडीनं उतरते म्हणाला. दाराच्या कडेला तेहतीसचा आकडा चिकटवलेला आहे, तेवढी भरून घेतली. टायर जुने आहेत, पण अजून दोन वर्षं ओढतील.

आईचा तुला आशीर्वाद. तुझी माया आहेच, तिला थंडी लागू देऊ नकोस.

तुझा,
धम्मदीप


नांदेड,
६ जानेवारी २०२५

चि. दीपूस,
अनेक आशीर्वाद. जयभीम.

पत्र मिळालं. लहानपणी सायकलची हवा माझ्याकडून भरून घेणारा आता स्वतः भरून घेतो, हे वाचून बरं वाटलं. नोकरीत असताना गावोगाव लसी टोचत मी पंधरा वर्षं स्वतः गाडी चालवली, म्हणून दोन शब्द सांगते. थंडी सरली की हवा परत बघ. पण सकाळी, गाडी हलवायच्या आधी. आणि टायरच्या बाजूंना चिरा पडल्यात का, तेही हात फिरवून पाहा.

माझा गुडघा फार दुखून राहिला. मार्चमध्ये ऑपरेशन करावं लागेल म्हणतात. आईला जप. आठवण ठेवत जा.

तुझी,
ताई


लातूर,
१६ एप्रिल २०२५

ति. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

ऑपरेशननंतर तू काठीनं घरात फिरतेस हे कळलं, आईला बरं वाटलं. जयंती जोरात झाली. पुनमनं भाषण केलं, एकदाही अडखळली नाही.

ऊन चाळिसाच्या पुढं गेलंय. तू म्हणालीस तशी हवा पाहिली. मुरुडहून आल्या आल्या दुपारी मोजली तर अडतीस. उन्हानं फुगून फुटायला नको म्हणून आठ सोडून दिली. आता आठवड्याला मोजतो आणि जास्त दिसली की सोडतो. सोबतचे प्राध्यापक शिवशंकर तेच करतात. पुनम म्हणते, आपली गाडी गाभण म्हशीसारखी डुलत चालते. परवा मुरुडला उतरल्यावर रबर जळल्यासारखा वासही आला. डांबर तापलेलं असेल.

तुला बाहेर पडता येत नाही, म्हणून बुद्धपौर्णिमेला आम्हीच येतो. तुमच्या विहारातल्या जेवणासाठी तांदळाचे चार कट्टे आणि मोठी पातेली गाडीतच टाकतो. आई मागं डाव्या खिडकीशी बसेल, तिची ती जागा ठरलेली. भेटीची ओढ तिकडंही असू दे.

तुझा,
धम्मदीप


नांदेड,
२६ एप्रिल २०२५

चि. सौ. सुकन्येस,
अनेक आशीर्वाद. जयभीम.

हे पत्र तुला लिहिते, कारण दीपूला लिहिलं त्याचं उत्तर नाही. शेजारच्या सरजाबाईंकडून फोन करवला, तर ताईला घरात बसून फिकिरी सुचतात म्हणाला. राग नाही. पण त्या वासाचं वाचल्यापासून माझं जेवणात लक्ष नाही.

गरम चहा पिऊन कुणी ताप मोजला तर तो खरा ताप असतो का? पळून आलेल्या टायरचा आकडा तसाच. तो फुगलेला दिसणारच. त्यातली हवा सोडली की सकाळी थंड टायर उपाशी राहतो. उपाशी टायर रस्त्यावर दबत राहतो, दबून आतून तापतो, आणि वरून ऊन. त्यात जुने टायर, चार कट्टे नि चार माणसं. उन्हाळ्यात टायर फुटतात ते बहुतेक असेच. नोकरीत असताना अशा गाड्यांतून आणलेली माणसं मी पाहिली आहेत. आणणारे सगळे हेच सांगायचे, की गाडी काल तर चांगली होती.

त्याला सकाळी हवा भरायला लाव. टायर दाखवून घे. नाहीच ऐकलं, तर बाई, तू बसू नकोस आणि आईला बसू देऊ नकोस. तो चिडेल. चिडू दे. मला वाईट ठरव, पण माझं एवढं ऐक.

तुझी,
महामाया


लातूर,
१९ मे २०२५

ति. महामायाताईंस,
सुकन्येचा सादर जयभीम.

पुनमनं फोनवर ओरडून सांगितलं तेवढंच तुम्हाला कळलं असेल. बाकीचं आज लिहिते.

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. आधी हसले. मी परत काढलं तेव्हा म्हणाले की दोघी नणंद-भावजयांनी मिळून मला पोर समजायचं ठरवलंय. हवा भरली नाही, टायर दाखवले नाहीत. निघायच्या दिवशी मी सांगितलं की आम्ही बसनं येतो. ते खूप बोलले. मग आई म्हणाल्या की मला यष्टीच्या खिडकीचं वारं बरं वाटतंय, तू तांदूळ घेऊन ये. मग ते एकटेच कट्टे गाडीत टाकायला लागले.

आम्ही आधी निघालो. अष्टामोडच्या पुढं त्यांनी बसला मागं टाकलं. पुनमनं हात हलवला, त्यांनी पाहिलं नाही. चाकूरच्या अलीकडं बस हळू झाली. लोक उठून खिडक्यांशी गेले. रस्त्यावर तांदूळ सांडलेला मी आधी पाहिला, आणि मग आपली गाडी, खड्ड्यात उलटलेली. मागचा डावा टायर चिंध्या होऊन लोंबत होता. छप्पर त्याच बाजूला पार सीटपर्यंत खाली आलं होतं. ड्रायव्हरच्या बाजूला थोडी जागा उरली होती, तिथून लोकांनी ह्यांना ओढून काढलं.

उजवा हात मोडलाय. डोक्याला मार आहे, पण डॉक्टर म्हणतात धोका टळला, विसरलेलं हळूहळू आठवेल. तुम्ही त्या गुडघ्यानं इकडं यायचं मनात आणू नका. रागावूही नका, ते रागावण्याजोगे राहिले नाहीत.

आई दिवसभर त्यांचा डावा हात धरून बसतात. बाळा, मी हितंच हाय, म्हणतात. ते त्यांच्याकडं बघतात, ओळखतात, जेवलीस का म्हणून विचारतात. मग डोळा लागतो, आणि आई बसनं आल्या होत्या हे पुसून जातं. जागे झाले की माझा पदर ओढतात आणि हळू आवाजात, आईंना ऐकू जाऊ नये असं, विचारतात की मागच्या सीटवरून आईला काढलं का.

मी हो म्हणते. दर वेळी हो म्हणते.

माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
सुकन्या