गच्चीवरच्या एकशे बारा रेकॉर्डी

यवतमाळ,
सोमवार, १७ नोव्हेंबर

प्रिय साकेत,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच टेबलाच्या खणात टाकशील, अशी मला धास्ती आहे. म्हणून आधीच सांगतो, मी आजारी नाही, घर विकत नाही आणि तुला उपदेशही करणार नाही. रविवारी, तेवीस तारखेला, कळंबला चिंतामणीच्या देवळाजवळच्या छोट्या हॉलमध्ये तुझ्या बहिणीचं, गौरीचं लग्न आहे. मुहूर्त अकरा बावीसचा. पत्रिका तुला मिळाली आहे, हे मला ठाऊक आहे. फोनवर मी तीनदा विषय काढला. तू माझं बीपी विचारतोस, गोळ्या संपल्या का विचारतोस, आणि गौरीचं नाव निघालं की तुझी मीटिंग सुरू होते. कागदाला मीटिंग सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आत्ता साडेअकरा झालेत. गौरी हॉलवाल्याशी बोलायला कळंबला गेली आहे, दोनपर्यंत परत येईल. त्याआधी हे पत्र स्पीडपोस्टाने जायला हवं आणि मी परत खुर्चीत पेपर वाचत बसलेला असायला हवा. तिने मला तुझ्या आईच्या फोटोसमोर शपथ घातली होती. ती मी आज मोडतो आहे. बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात नकाशे काढले, एक रेघ वाकडी गेली नाही, आणि आज एकाहत्तराव्या वर्षी पहिल्याच पानावर चार ठिकाणी खाडाखोड झाली आहे. अक्षर सांभाळून घे.

तुझं ते वेड सुरू झालं तेव्हा तू इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतास. सगळं जग गाणी मोबाइलमध्ये भरत होतं आणि तू नागपूरच्या जुन्या बाजारातून रेकॉर्ड प्लेयर उचलून आणलास. मग परदेशातून पार्सलं यायला लागली. आपला पोस्टमन बाबुलाल पहिलं चौकोनी पार्सल दोन्ही हातांत धरून आला आणि मला म्हणाला, "साहेब, पोरानं ताट मागवलं काय जी? इतक्या दुरून? आपल्या इकडं ताटं भेटत नाई काय?" हार्डकोर पंक हे शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. मला ते बोअरवेलच्या ड्रिलचं नाव वाटलं, आणि गाणं ऐकल्यावर फार चुकलो नव्हतो असंही वाटलं. एका मिनिटाचं गाणं, त्यात चार पोरं एकदम भांडतात आणि दार आपटून निघून जातात. पण तुझं त्या रेकॉर्डींना हाताळणं मी बघत असे. कडेनेच धरायचास. पुसायला आईच्या जुन्या सुती साडीचे तुकडे. पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायचास. कोणती किती प्रतींत निघाली, कोणत्या कव्हरवर बँडच्या पोरांनी हाताने नंबर घातला, सगळं वहीत. गौरीला तू तेव्हाच शिकवलंस, कडेने धर, आडवी टाकू नको, ऊन लागू देऊ नको. हे शेवटचं लक्षात ठेव, पुढे लागेल.

तुझी आई फेब्रुवारीत गेली. तेरवीला खाली मांडवात पंगत बसली होती. माझ्या खात्यातले लोक, कळंबचे पाहुणे, सगळे. आणि वरच्या खोलीतून तो ओरडा सुरू झाला. वाढप्याच्या हातातली बुंदी हातातच राहिली. मी वर धावलो, सुई खसकन उचलली आणि तुला म्हणालो, तुझ्या या किंकाळ्यांनी त्या बाईला शेवटपर्यंत धड झोपू दिलं नाही. तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. तू शांतपणे म्हणालास, "बाबा, यापुढे माझ्या वस्तूला तुमचा हात लागला तर मी या घरात पाय ठेवणार नाही." गौरी जिन्यात उभी होती. तिने दोन वर्षांनी मला सांगितलं की ती रेकॉर्ड तुझ्या आईची, शोभाची आवडती होती. सुपात तुरीची डाळ घेऊन ती तुझ्या खोलीबाहेर पायरीवर बसायची आणि म्हणायची, "त्या कावलेल्या पोराची लाव रे." मी ऑफिसात असायचो. मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही.

मग मे महिना. त्या मे महिन्याबद्दल तुला जे माहीत आहे ते खोटं आहे. तुझ्या रेकॉर्डी गौरीने वाळत घातल्या नाहीत. मी घातल्या.

वरच्या खोलीतल्या कपाटाला उधई लागली होती. कव्हरं अर्धी खाल्लेली, तबकड्यांवर मातीचे ओघळ. तू महिनाअखेरीला त्या न्यायला येणार होतास. मला वाटलं, त्याच्या आत सगळ्या स्वच्छ करून ठेवू, दोघांत बोलायला निमित्त होईल. सकाळी माझं मन साफ होतं, हे शपथेवर सांगतो. रिठ्याच्या पाण्यात एकेक धुतली. एकशे बारा. ओल्या ठेवायच्या कुठे? आपल्या घरात मे महिन्यात धुतलेली वस्तू एकाच ठिकाणी जाते. गच्चीवर शेजारच्या विमलताईंनी सकाळीच आपल्या कुरडया घातल्या होत्या. शोभाशिवायचा पहिला उन्हाळा, म्हणून त्या माउलीने आपला चीक आपल्याच सोऱ्याने पाडून दिला होता. त्यांच्या शेजारी मी शोभाची साडी अंथरली आणि रेकॉर्डी ओळीने मांडल्या. पारा पंचेचाळीसवर. चार वाजता वर गेलो तर सगळ्यांच्या पराती झाल्या होत्या. काही तर एकमेकींत बसल्या होत्या.

गौरी लॅबमधून आली, गच्चीवर गेली आणि त्यांच्यामध्ये मटकन बसली. रडली नाही. एकमेकींत बसलेल्या दोन सोडवत म्हणाली, "दादाला मी सांगते, मी केलं म्हणून. माझ्यावर चार दिवस रागावेल. तुमच्यावर रागावला तर परत यायचा नाही." मग मला हाताला धरून फोटोसमोर नेलं. मी हो म्हणालो. किती चटकन म्हणालो, ते आठवलं की आजही कान तापतात. तू आलास. तिने सांगितलं. तू एवढंच विचारलंस, "पण तुला तर माहीत होतं ना, गौरी?" मी स्वयंपाकघराच्या दारात तांब्या घेऊन उभा होतो. मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता आलं असतं. तिला ते म्हणता येईना, कारण तिला तूच शिकवलं होतंस. ती गप्प राहिली आणि तू समजलास की तिने जाणूनबुजून केलं. तिने चार दिवसांचा हिशेब केला होता, त्याची साडेनऊ वर्षं झाली. मी त्या दारातून एक पाऊल पुढे टाकलं नाही.

फाटक वाजलं म्हणून हे पान उशीखाली सरकवलं होतं. विमलताई होत्या, हळदीचं विचारायला आल्या. त्यांना चहाही विचारला नाही, त्या चक्रावून गेल्या. पावणेएक झाला.

रेकॉर्डी टाकल्या नाहीत मी. गोदरेजच्या कपाटात माझ्या धोतरांखाली होत्या. गेल्या वर्षी कुठेतरी वाचलं की हलक्या उष्णतेने त्या सरळ करता येतात, दोन सपाट पाट्यांत दाबून सावकाश निवू द्यायच्या. पाट्या करून घ्यायला मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत गेलो. तिथे लेथचं वर्कशॉप आहे संजयचं. मूळचा नेरचा, घरची शेती भाऊ बघतो. त्याने एक रेकॉर्ड उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "काका, हे कायले सरळ करून राह्यले तुमी? हे वाजते तरी काय आता?" मी सांगितलं, पोराची आहे. मग त्याने दुसरं काही विचारलं नाही. पाट्या आरशासारख्या घासून दिल्या, स्वतः घरी आणून लावून दिल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला, पाट्यांना गंज तर नाही लागला बघायला. त्याच्या पुढच्या आठवड्यातही गंजाचीच चौकशी. नोव्हेंबरात कसला गंज लागतो? मला उशिरा कळलं, गौरीला आधी कळलं होतं.

आतापर्यंत तेवीस सरळ झाल्या. एकोणिसांवर सुई न उडता फिरते. त्या वाजवताना मला एक दिसलं, तुला अर्थातच ठाऊक असेल. मधल्या लेबलाजवळच्या गुळगुळीत पट्टीवर कुणीतरी सुईने अक्षरं खरडलेली असतात. भिंगाने वाचली. एकीवर लिहिलंय, शेजाऱ्यांनाही ऐकू जाऊ दे. मी आवाज वाढवला. गौरी आतून धावत आली, तिला वाटलं तू आलास.

आता लग्नाचं. कानपिळीला तुमचा मामेभाऊ कपिल तयार आहे. गौरी ऐकत नाही. गुरुजींना तिने सांगून टाकलं, तो विधी राहू द्या. संजयला वाटलं मी त्याला रागावेन, म्हणून मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, माहा कान कुठं पळून जाते काय? दादा येतीन तवा पिळतीन." पोरगा चांगला आहे, साकेत. पण लग्न एकदाच आहे, आणि मांडवात भावाची जागा रिकामी ठेवून ती पाटावर बसेल तेव्हा तिचं तोंड बघायचं बळ माझ्यात नाही.

सव्वा वाजला. आता जे लिहितो ते गौरीलाही ठाऊक नाही, आणि ते एक लिहिण्यासाठी हे सगळं लिहिलं. त्या दिवशी मी चारला वर गेलो असं तिला सांगितलं. मी दुपारी एक वाजताही गेलो होतो. वावटळ उठली होती आणि विमलताईंनी भिंतीपलीकडून हाक मारली, "भाऊ, कुरडयाईत माती जाईन, उचला लवकर!" मी धावलो. तुझ्या रेकॉर्डींच्या कडा तेव्हा नुकत्या झुकू लागल्या होत्या. ती लाल पारदर्शक होती ना, तिला मी बोट लावून बघितलं. मऊ लागली. तेव्हा सावलीत नेल्या असत्या तर बऱ्याचशा वाचल्या असत्या, हे मला त्या क्षणी कळलं. मला तेरवीची पंगत आठवली, बुंदी हातात धरून थांबलेला तो वाढपी आठवला. मी कुरडया आत घेतल्या. रेकॉर्डी राहू दिल्या. खाली येऊन कूलर लावला आणि चारपर्यंत टक्क जागा पडून राहिलो. गौरीला वाटतं तिने बापाची चूक अंगावर घेतली. तिने माझा राग अंगावर घेतला होता. आज ती आली की पोस्टाची पावती तिच्यासमोर ठेवून तिलाही हे सांगणार आहे, आधी सांगितलं तर ती पत्र जाऊ देणार नाही. तू म्हणाला होतास, वस्तूला हात लावला तर पाय ठेवणार नाही. तो शब्द माझ्यासाठी पाळ. या घरात येऊ नकोस, मांडवात माझ्याकडे बघू नकोस, मी मागच्या रांगेत बसेन. पण रविवारी अकराच्या आत कळंबला ये. कानपिळीचा तुझा आहेर संजयने घेऊन ठेवला आहे. शर्ट आहे. माप त्याने गौरीला विचारलं, तिने साडेनऊ वर्षांपूर्वीचं सांगितलं. घट्ट होईल. तरी घाल.

तुझाच,
बाबा