डावीकडची सीट

१५ फेब्रुवारी, रविवार
गाडी घरी आणली. लाल, दोन दरवाजे, दोन सीट, वय वीस वर्षं. रामदासपेठेतल्या देशकर साहेबांची. पाटबंधाऱ्यातले रिटायर्ड इंजिनिअर, वय ७९, बायको जाऊन बरीच वर्षं झाली. पुण्याच्या मुलीनं आता गाडी चालवायची नाही असं बजावलं, म्हणून विकली. किल्ली द्यायला हात पुढं केला, मागं घेतला, मग दिली.
सुषमा पोर्चमध्ये उभी होती. म्हणाली, ‘‘दोनच सीट काहून?’’ म्हटलं, घरात दोघंच तर आहो. मुलगा प्रणय बंगलोरला गेल्यापासून जुन्या गाडीची मागची सीट रिकामीच राहायची. ती आत गेली, कणीक भिजवायला.
कॉलेजात असताना सदरमध्ये अशी गाडी एकदा पाहिली होती. घ्यायचं कारण तेवढंच. लोकांना सांगायला ते पुरत नाही.

१९ फेब्रु.
सेकंड शिफ्ट. एक्स-रे रूमचा एसी बंद. म्हाताऱ्या बाईचं मनगट, एकाचा खुबा, नंतर मोजले नाही. श्वास रोखा, हलू नका, झालं. दिवसभर हीच तीन वाक्यं. घरी आलो तर सुषमा जेवून वह्या तपासत बसलेली. तिची शाळा सकाळची, माझी ड्युटी दुपारची. तिच्याशीही बहुधा तीनच वाक्यं होतात.

२२ फेब्रु., रविवार
दे. साहेबांचा फोन. सुरू केली का? थंड इंजिनवर लगेच निघू नका, पाच मिनिटं उभी ठेवा. गेल्या रविवारीही संध्याकाळी केलाच होता. हो हो म्हटलं. विकलेल्या गाडीत जीव किती अडकवावा माणसानं.
स्पीडब्रेकरवर पोट घासतं. प्रत्येक वेळी माझं पोट आत जातं.

८ मार्च, रविवार
पाणी गळतं. गजूभाऊकडे दाखवली. महाल भागात त्याचं गॅरेज आहे, गल्ली इतकी अरुंद की गाडी तोंडाशीच उभी ठेवली, तो तिथंच येऊन पाहून गेला. नळी बदलली. म्हणाला, भाऊ, म्हातारी आहे, सांभाळून घ्या.
दे. साहेबांचा फोन आला. उचलला नाही.

२२ मार्च, रविवार
भिवापूरला गेलो, सुषमाच्या बहिणीकडं. वर्षाची मिरची आणायची होती. सुषमा पहिल्यांदाच एवढ्या लांब या गाडीत बसली. जाताना ठीक. येताना उमरेडच्या अलीकडं काटा लालमध्ये, बोनेटमधून वाफ. कडेला घेतली. बाभळीची सावली, तीही अर्धीच. मागच्या टीचभर जागेत मिरचीची पोती कोंबलेली, त्या मिरचीचा झणझणीत खाट आत आला आणि आम्ही दोघंही शिंकायला लागलो. मी शिंकलो की ती शिंकायची. आणि मग ती हसली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, हसतेच आहे. एक म्हशीवाला थांबून पाहत होता.
इंजिन थंड व्हायला तासभर गेला. आम्ही बोललो. प्रणयबद्दल, तिच्या गुडघ्याबद्दल, मी रिटायर झाल्यावर काय, असंच. शेवटचं असं कधी बोललो होतो आठवत नाही.
आज वाटलं, घेतली ते बरं झालं.

२४ मार्च
गाडी गजूभाऊकडं दिली होती. सकाळी फोन, येऊन पाहून जा. ड्युटीच्या आधी गेलो. त्याच्या गल्लीत शिरत नाही, म्हणून त्याच्या ओळखीच्या दुसऱ्या गॅरेजच्या रॅम्पवर चढवलेली. त्यानं टॉर्च मारला, नखानं रंग खरवडला. खाली वेल्डिंगची जाड रेघ.
‘‘भाऊ, इथून इथवर हा पत्रा दुसऱ्या गाडीचा आहे. डाव्या अंगानं जबर ठोकली होती. कापून जोडली.’’
विचारलं, धोका?
‘‘चालते तोवर चालते. पण इकडून धक्का बसला तं अडवाले काहीच नाही. वहिनीले इकडं नका बसवू.’’
दिवसभर पाठीचे, छातीचे, गुडघ्यांचे फोटो काढत होतो. लक्ष नव्हतं. एकाचा उजव्याऐवजी डावा काढला. परत काढला.

२६ मार्च
सुषमाला सांगितलं नाही. ती म्हणाली, रविवारी रामटेकला जाऊ. म्हटलं गाडी गॅरेजात आहे. खोटं नाही. पण

२९ मार्च, रविवार
दे. साहेबांकडं गेलो, स्कूटरनं. भांडायचं ठरवून. घ्यायच्या आधी साडेतीन महिने मी बाजारभाव काढत बसलो होतो, कागद तपासले होते, आणि सरळ तोंडावर विचारलं होतं, ठोकली आहे का? ते नाही म्हणाले होते. तेच आज विचारलं.
नाकारलं नाही. बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी, कुहीकडून येताना. समोर म्हैस आली, त्यांनी गाडी झटकन वळवली आणि ती उभ्या टिप्परवर डावीकडून आदळली. त्यांच्या मिसेस डावीकडं होत्या. वाचल्या. डावा पाय मात्र नंतर कधी वाकला नाही. चार वर्षं तशाच होत्या, मग दुसऱ्याच आजारानं गेल्या.
मी विचारलं, मग भंगारात का नाही दिली?
‘‘मी देणार होतो. तीच म्हणाली, दुरुस्त करून आणा, घरात दोन लंगडे नकोत. परत बसली त्याच सीटवर. त्यानंतर मला गाडीबद्दल कोणी विचारलं तर मी नाहीच म्हणत आलो. तुम्हालाही म्हणालो. चुकलं.’’
मग म्हणाले, गाडी परत आणा, सगळे पैसे देतो. लगेच. भांडण घेऊन गेलो होतो ते तसंच परत आणलं.

रात्री सुषमाला सांगितलं. पूर्ण ऐकून घेतलं. म्हैस, टिप्पर, पाय, सगळं.
‘‘तुमाले कधी समजलं?’’
मंगळवारी.
‘‘मंगळवारी. आज रविवार.’’
एवढंच. कूलरमध्ये पाणी टाकायला उठली. पाच दिवस. त्या माणसानं अकरा वर्षं लपवलं, मी पाच दिवस. ती तेच म्हणेल असं वाटलं. म्हणाली नाही, हे जास्त लागलं.

२ एप्रिल
बोलणं पुन्हा तीन वाक्यांवर. डबा घ्या. गॅस संपला. कुलूप लावलं का.
ऊन फार. रस्ता पायाला चिकटतो.

४ एप्रिल, शनिवार
पुण्याहून दे. साहेबांच्या मुलीचा फोन. नंबर त्यांच्या डायरीतून घेतला म्हणाली. आवाज थकलेला, माझ्यासारखाच. बाबांनी गाडी परत मागवली हे त्यांच्या कामवाल्या बाईकडून कळलं. गेल्या वर्षी त्यांनी घरचं फाटक दोनदा ठोकलं, एकदा सिग्नल लाल आहे हे दिसलंच नाही. डोळ्याचं ऑपरेशन टाळत आहेत.
‘‘काका, तुमची फसवणूक झाली, मला मान्य आहे. पैसे मी देते. पण गाडी त्यांच्या दारात उभी करू नका. ते चालवतील.’’
काका म्हणाली. वयानं माझ्याहून फार तर सात-आठ वर्षांनी लहान असेल.

५ एप्रिल, रविवार
दे. साहेबांचा फोन. गॅरेज झाडून ठेवलं आहे म्हणाले. कधी आणता? बघतो म्हटलं. थंड इंजिनचं काही बोलले नाहीत.
गाडी गजूभाऊकडून घरी आणली, गळती त्यानं काढली होती. पत्र्याचं विचारलं. नीट करता येते म्हणाला, पूर्ण उघडून, दीड-दोन महिने. पण नवीसारखी मजबूत होईल असं मी लिहून देत नाही.

८ एप्रिल
विकून टाकायचं ठरवलं. जाहिरात टाकली. दुपारीच वर्धमाननगरच्या एका ठेकेदाराचा फोन. रंग कोणता, पासिंग कधीपर्यंत, सगळं विचारलं. शेवटी, ठोकली-बिकली तं नाही ना?
मी थांबलो. पलीकडून हॅलो, हॅलो.
ठोकली आहे म्हणालो. त्यानं ठेवला. जाहिरात काढली.
नाही म्हणायला किती सोपं असतं ते कळलं. तोंडात आलंच होतं.

९ एप्रिल
जेवताना सुषमाला ठेकेदाराचं सांगितलं. आणि पुण्याच्या मुलीचंही, तेसुद्धा पाच दिवस राहूनच गेलं होतं. ती भात कालवायची थांबली.
‘‘म्हणजे आपण ठेवली तं मी नाही बसायची. दिली तं म्हातारा बसते. हे आपल्याच डोक्यावर काहून?’’
ताटं उचलताना ती म्हणाली, रविवारी मीपण येते त्यांच्याकडं. काय बोलायचं ते तिनं सांगितलं नाही.

१२ एप्रिल, रविवार
सकाळी साडेसातलाच निघालो, ऊन चढायच्या आत. मला वाटलं ऑटोनं येईल. ती सरळ डावीकडचं दार उघडून बसली, पट्टा लावला. म्हटलं, गजूभाऊ काय म्हणाला ते सांगितलं ना तुला. म्हणाली, ‘‘हळू चालवा.’’ तीसच्या वर गेलो नाही. मागचे सगळे हॉर्न देत होते. डावीकडून कोणी आलं की माझा हात आपोआप तिच्यापुढं जायचा.
दे. साहेब फाटक उघडून उभे. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. मला पाहून पुढं आले, मग डावीकडच्या काचेतून सुषमा दिसली आणि थांबले. मी उतरेपर्यंत ते वळसा घालून तिच्या दारापाशी पोचले होते. दार उघडलं, एक हात वरच्या कडेला ठेवला, तिचं डोकं लागू नये म्हणून. दुसरा पुढं केला.
‘‘सावकाश. आधी पाय बाहेर घ्या, सरळच राहू द्या. मग माझ्यावर भार टाका.’’
सुषमाचा पाय वाकतो. तरी पाय सरळ बाहेर काढला, त्यांचा हात धरला, आणि भार टाकून उठली.
नंतर त्यांच्या लक्षात आलं. हात सोडला, सॉरी म्हणाले, चहाचं सांगायला आत गेले. आतून बराच वेळ कपबशांचा आवाज आला नाही.
चहा झाला. किल्ली टेबलावर, मी ठेवली होती. सुषमानं त्यांना ऑपरेशनचं विचारलं. पुढच्या महिन्यात बघू म्हणाले. ती म्हणाली, या महिन्यात करा, माझी सुट्टी लागते आहे, मी येईन सोबत. ते बिस्किटाकडं पाहत राहिले. गाडीचं कोणीच काढलं नाही. मुलीला काय सांगू, तेही नाही.
निघताना सुषमानं किल्ली उचलून माझ्या हातात दिली. त्यांनी पाहिलं. फाटकापर्यंत आले, पुढच्या रविवारी या म्हणाले.
गाडी घेऊन या की गाडी द्यायला या, ते काही बोलले नाहीत.